कार्डाले घाम येते का?

भंडारा जिल्ह्यातल्या कोण्या मामाबद्दल लिहितो म्हटलं की तुम्ही मनातल्या मनात तयारी करून बसता. आता तलाव येईल, डोंगा येईल, खांद्यावर जाळं येईल आणि शेवटी गरीब पण मोठ्या मनाचा मामा पाण्याकडे पाहत उभा राहील. घाबरू नका, तलाव येणार आहे. फक्त तो कंप्युटरच्या पोटात येणार आहे. डोंगा तिथं मावला नाही. जाळं मात्र आहे, वीतभर. मामा कसा उभा राहिला तेही सांगतो, पण ते सांगायला मला फारसं आवडणार नाही. पाण्यावर एवढा आंधळा विश्वास ठेवणारा माणूस आमच्या सिहोऱ्यात दुसरा झाला नाही, आणि पाण्यानं एवढा दगाही दुसऱ्या कोणाला दिला नसेल.

मामा म्हणजे सख्खा नाही. माझी आई आणि तो एका गावचे, म्हणून मामा. तीन पिढ्या तलावात मासोळी मारणाऱ्या घरातला हा पहिला माणूस, ज्यानं जाळं खुंटीला टांगलं आणि कॅमेरा गळ्यात घातला. बसस्टँडजवळ त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. लग्नात तो शूटिंग करायचा आणि मी माइक धरायचो. मी नकला करतो. नवऱ्याच्या काकाची, भटजीची, जेवणाच्या पंगतीत 'वरण येऊ द्या' म्हणणाऱ्याची. मामा माझ्याकडे न पाहता कॅमेऱ्यातून म्हणायचा, "हळू बे, भटजी आयकून राहिला." त्याच्या खिशात कायम ती ताप पाहायची बंदूक असायची, कोरोनाच्या काळात दारादारात कपाळावर रोखायचे ती. ती त्यानं सोडलीच नाही. चहावर रोखायचा, "बासष्ट. फुंकून पी." एका लग्नात नवरीच्या बापावर रोखली आणि पाहुण्यांना हात करून थांबवलं, "अडतीस. बाप तापला. फॅमिली फोटो दहा मिनटानं."

पण बंदुकीचा खरा रोख असायचा तो स्टुडिओतल्या कंप्युटरवर. त्यात दोन ग्राफिक्स कार्डं होती, विटेएवढी जाड, आणि ती चालू लागली की खोलीत भात शिजावा अशी गरमी. मामा डब्याच्या पाठीवर हात ठेवून बसायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. बंदूक सांगायची ब्याण्णव, आणि मामाचा चेहरा डॉक्टरसारखा पडायचा. स्टुडिओतला एकुलता एक कूलर त्यानं कंप्युटरकडे वळवलेला होता. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी बसलं की घामानं पावडर वाहून जायची. कोणी बोललं तर उत्तर तयार, "माणसाले घाम येते, म्हणून माणूस थंड व्हते. कार्डाले घाम येते का?"  त्यावर मामी बोलायची, "मले पंखा अन् या डबड्याले कूलर! पुढच्या जन्मी मी कार्डच व्हईन म्हणतो."

लग्नाच्या व्हिडिओला दोन कार्डं लागत नाहीत, हे मला माहीत होतं. ती कार्डं दादासाठी होती. दादा म्हणजे मामाचा मोठा भाऊ. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा दंडार होते. गावचीच माणसं सोंगं घेऊन नाचतात, गातात, बाईचं सोंगही पुरुषच घेतात. दादा राणी व्हायचा. एका वर्षी कोणीतरी हौसेनं त्या दंडारीची व्हिडिओ कॅसेट काढली. त्यात चारच मिनिटं दादा आहे. हिरवं लुगडं, कपाळावर बिंदी, राजासाठी रडायचं आणि ऐन वेळी भाषण आठवेना. मग राणी समोर जमिनीवर बसलेल्या आपल्या बारक्या भावाकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणते, "ए बारक्या, पाणी आण बे. राणीचा गळा सुकला!" सगळी मंडई हसते. बारक्या, म्हणजे आमचा मामा, वय बारा, लाजून तोंड झाकून घेतो आणि जागचा हलत नाही. पुढच्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली, आणि दादा गेला.

कॅसेटला बुरशी लागली होती. मामानं ती कशीबशी कंप्युटरात उतरवून घेतली, त्यातच टेप कायमची गेली, आणि तेव्हा दादाच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढरा डाग उरला होता, ओल्या भिंतीवर असतो तसा. जुन्या व्हिडिओतला चेहरा साफ करणारा एक प्रोग्राम त्याला मिळाला. तो प्रोग्राम दोन्ही कार्डांचा जीव काढत दिवसभरात पाच-सात सेकंद साफ करायचा, आणि ब्याण्णव झालं की बंद पडायचा. मला वाटायचं, मामाला भावाचा फोटो हवा आहे, भिंतीवर लावायला. खरं काय ते मामीनं मला सगळं आटोपल्यावर सांगितलं. "त्याईले येवढंच पाहाचं होतं, दादानं पाणी मांगलं तवा तो हासून राहिला होता का रागावला होता. तीस वर्स झाले, मनातून जात नाई माणसाच्या." मला हे आधी कळलं असतं तर काय झालं असतं, ते पुढं येतंच.

मी एकदा म्हटलं, "मामा, याची एक कापी माझ्या पेनड्राइव्हमध्ये देऊन ठेवा." मामा असा बघायला लागला जसं मी त्याच्या भावाला पोत्यात भरून मागितलं. "कापी कायले? दादा काय पत्रिका हाये का वाटाले? एक माणूस एका जाग्यावर राहते." माउस माझ्या हातात होता, मामा चहा सांगायला गेला होता, दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. मी त्याचं ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून मामीला हसवत बसलो.

तर पाणी. कार्डाच्या छातीवर तांब्याची चपटी पोकळ डबी बसवायची, छोट्या पंपानं तिच्यातून पाणी फिरवायचं, पाणी गरमी घेऊन बाहेर येतं, पंख्यासमोरच्या जाळीत निवतं आणि परत जातं. हे कळल्यापासून मामा दोन महिने दुसरं काही बोलला नाही. नागपूरच्या दुकानदारानं सांगितलं, तयार बंद संच घ्या, बसवा आणि विसरून जा. मामाला पटेना. "पाणी दिसत नाई, वाजत नाई. न दिसणाऱ्या पाण्यात जाळं टाकाचं का?" शेवटी त्यानं सुटं सामान आणलं, डब्या, नळ्या, पंप, जाळी, काचेची टाकी, आणि कंप्युटर उघडून असा बसला जसा त्याचा बाप फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसायचा. एकेक सांधा ओठांनी फुंकून पाहिला. दुकानदारानं बजावलं होतं तसं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं. बटण दाबलं. पाणी फिरलं. बंदूक म्हणाली चौसष्ट. मामानं पहिल्यांदाच कूलर गिऱ्हाइकाकडे वळवला, आणि मामीनं मला हळूच म्हटलं, "आता मले बी एखादी नळी लावा म्हणा."

हे सगळं एप्रिलपर्यंत. मे महिन्यात आमच्याकडे हवाच इतकी तापते की पंखा गरम वारा फेकतो, आणि गरम वाऱ्यानं पाणी कुठून निवणार? आकडा परत चढायला लागला. मामा तीन दिवस डब्यावर बंदूक रोखून बसला. चौथ्या दिवशी मामीच्या माठाकडे बघत बसलेला दिसला. माठावर थेंब आले होते. मामा उठलाच. "पाह्य! माठाले घाम येते! कार्डाले येत नाई न? मंग घाम येणाऱ्याच्या पोटातून पाणी नेऊ." आणि खरंच, हसू नका, ते चाललं. काचेची टाकी गेली, माठ आला, पंप माठात बुडाला, कार्डं साठावर आली. पण माठ पाझरतो, पाणी रोज कमी होतं, आणि एवढं शुद्ध पाणी आणणार कुठून? म्हणून तलावाचं, तीन पदरी धोतरातून गाळलेलं. आठ दिवसांत माठात शेवाळ आलं आणि डासाच्या अळ्या वळवळायला लागल्या. आता इथं कोणत्याही जातीचा, गावाचा, शिक्षणाचा माणूस असता तर त्यानं पाणी बदललं असतं. मामा मासोळीवाल्याच्या घरचा. त्यांच्या घरी रांजणात एक मासोळी सोडलेली असायची. ती फिरते आहे म्हणजे पाणी चांगलं. "बिनमासोळीचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी," मामा म्हणाला आणि मला आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथं डासांसाठी गप्पी मासे फुकट देतात.

मामानं सांगितलं होतं, एकच आण, दोन आणशील तर पिल्लं होतील. मी एकच आणला. सगळ्यात जाडी, तुंदिलतनू, खात्यापित्या घरची वाटणारी मासोळी निवडून आणली. सिस्टर हसली होती, ती कशाला हसली हे मला तेव्हा कळलं नाही. मामी म्हणाली, "आता सवत बी आणली." मामानं पंपाच्या तोंडाला बापाच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला, वीतभर, बारीक विणीचा. बोटानं ताणून दाखवला. "यातून माही मासोळी जात नाई." प्रोग्राम चालू केला. चेहऱ्याचं काम मामाचं, आवाजाचं माझं. मी हेडफोन लावून दादाच्या चार मिनिटांतला खरखराट काढत बसायचो. तीच ओळ. बारक्या, पाणी आण बे. दिवसातून शंभर वेळा. पडद्यावर तो डाग हळूहळू माणसाचा व्हायला लागला होता. कपाळ आलं. बिंदी आली. डोळे आले, तोंड यायचं होतं.

गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते, आणि पोटात घेऊन आलेली असेल तर तिला दुसऱ्या कोणाची गरज नसते. हे जगात ज्याला माहीत असायला हवं होतं त्या घरातल्या माणसाला माहीत नव्हतं, कारण त्याच्या घरानं आयुष्यभर तलावातली मासोळी पाहिली, सरकारी नाही. पिल्लं सुईच्या नाकाएवढी. जाळ्यातून गेली, पंपातून गेली आणि कार्डावरच्या डबीतल्या केसाएवढ्या फटींच्या तोंडाशी अडकून बसली, आणि पाण्याची वाट तुंबली. दुपारची वेळ होती. मामा म्हणाला, "पाणी काहून वाजून नाई राहिलं?" मी हेडफोन काढेपर्यंत नळी सांध्यातून सुटली होती. पंपानं माठातलं तलावाचं पाणी कंप्युटरच्या पोटात ओतलं. एक चट् आवाज झाला, माशाचा वास आला, आणि पडदा काळा.

दादा ज्या डिस्कमध्ये होता ती घेऊन मामा नागपूरला गेला. तिथल्या माणसानं ती उघडून पाहिली आणि नुसते हात जोडले. मामा परत आला तो माठासमोर उभा राहिला. सांगतो म्हटलं होतं ना, असा. माठात ती जाडी आता बारीक होऊन फिरत होती. मामानं तिला लोट्यात घेतलं, तलावावर नेऊन सोडलं. मी वाट पाहत होतो, आता मला शिव्या देईल, मासोळी मीच आणली होती.  त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं ते महिनाभर अर्ध्यावरच राहिलं. बंदूक मामीच्या डब्यांमागं पडून होती. लग्नाचं काम आलं तर म्हणायचा, दुसरा पाहा.

मग मामीनं मला बोलावलं. "तू त साऱ्याइच्या नकला करतं. एखादी कर बाबा. माणूस हासन त जेवन." मी भटजी केला. वरणवाला केला. नागपूरचा दुकानदार केला, 'बसवा आणि विसरून जा' म्हणणारा. मामा भिंतीकडे पाहत होता. माझ्याजवळचं सगळं संपलं. आणि मग मी विचार न करता, खरंच न करता, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून दादा निघाला. "ए बारक्या, पाणी आण बे. राणीचा गळा सुकला!"

मामीच्या हातातलं उलथणं थांबलं. मामा उठला. आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात पाण्याचा लोटा होता. तो त्यानं माझ्यासमोर ठेवला, आणि मग सुरू झाला.

"लाज हाये का तुले? मेलेल्या माणसाची नक्कल करतं? तोंड हाये का फुटका भोंगा? माह्या दादाची टिंगल करतं, अन् वरून शेवटी हासतं? हासला कायले? सांग, 'सुकला' म्हणून हासला कायले तू?"

"मी नाही हसलो, मामा," मी म्हटलं. "ते टेपमध्येच आहे. खरखराटाच्या खाली. 'सुकला' म्हणतो आणि दादा हसतो, थोडंसं, नाकातून. हेडफोनमध्ये ऐकू येतं. मी जसं आहे तसं केलं."

  मामा खाली बसला, लोट्याजवळ, आणि त्याचा आवाज असा फुटला की मामी धावत आली.

"मंग आधी सांगतलं काहून नाई बे, गधड्या? मी दोन-दोन कार्डं जाळले, पाणी भरलं, मासोळी सोडली, नागपूर केलं, अन् तू कानात घेऊन बसला होता? नालायका! तोंडानं साऱ्या गावाचे आवाज काढतं, अन् सांगाची गोष्ट सांगत नाई! ... पाणी पी पह्यले. पी म्हणतो न. अन् मंग पुन्हा म्हण. हासून म्हण, जसा तो हासला तसा. अन् आयक, लग्नात, मोबाइलात, दुसरीकडं कुठंच काढजो नोको हा आवाज. कापी नाई पायजे मले."