रुखसारचे केस

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्हाला का सांगतेय—ते मलाही नीट कळत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं छोटं पार्लर होतं. केस कायमचे सरळ करून मिळतील, अशी पाटी आमच्या भागात पहिल्यांदा मीच लावली. मुंबईला जाऊन शिकून आले, असं सगळ्यांना सांगायची. शिकले म्हणजे काय? दुसरी बाई करत होती ते उभं राहून बघितलं होतं. पण विचारतंय कोण?

रुखसार नाटे गावाहून आली, आईबरोबर. लग्न ठरलेलं, मुलगा कुवेतला. केस दाट, कुरळे, कमरेपर्यंत. तिला ते नकोसे झाले होते का? नाही—नकोसे झाले होते आईला. फोटो बघून मुलाकडचं कुणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणे. मेंदी लावलेल्या केसांना ते क्रीम चालत नाही, म्हणून मी आधी विचारलं. कधीच लावली नाही, असं ती म्हणाली. आई बाजारात गेली. मी क्रीम लावलं; ते वेळेत धुवायचं असतं, नाहीतर केस जळतात.

मग—इथे मी नेहमी अडखळते—दारात एक ओळखीची बाई आली. तिनं घेतलेल्या नव्या ब्लॉकबद्दल सांगायला लागली, आणि मी पायरीवरच रमले. आतून रुखसारची हाक आली, "ताई, डोक्याला जळजळतंय."

थोडं होतंच तसं, मी बाहेरूनच म्हटलं. तिनं पुन्हा हाक मारली. मी ऐकली. गेले नाही.

धुताना केस हातात आले. एका बाजूचे, कानाच्या वरपासून, झुपक्यानं. ती रडली नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिली—मी काहीतरी सांगेन म्हणून.

आई परत आली तेव्हा आपण काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं? मी म्हटलं, "हिनं मेंदी लावलेली माझ्यापासून लपवली."

"अम्मी, मी नाय लावली," रुखसार म्हणाली. एकदाच. आईनं तिच्या थोबाडीत दिली, माझ्यादेखत. आणि वर माझीच माफी मागितली—पोरगी खोटं बोलली, ताई, मनावर घेऊ नका. मी मान हलवली. माफ केलं. मी!

लग्न मोडलं नाही. ओढणी पुढे ओढून निकाह झाला, ती कुवेतला गेली. सुटले, असं वाटलं मला. पण त्यानंतर क्रीम लावलं की मी खुर्चीजवळून हलायची नाही.

काही वर्षांनी ती सुट्टीवर आली. तोवर केस सरळ करायच्या केराटिनचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. धाकट्या बहिणीला करायचं होतं, तर तिला घेऊन माझ्याकडेच आली. माझ्याकडेच का? तिचे केस आता खांद्यापर्यंत होते. बहिणीला खुर्चीत बसवून ती मला म्हणाली, "हिला नीट विचारून घ्या हां, ताई. माझ्या वेळी मीच लावली असणार मेंदी. अम्मी अजून बोलते. मला आठवत नाय, पण लावली असणार. नायतर तसं कशाला झालं असतं?"

पार्लरमध्ये आम्ही तिघीच होतो. बाहेर कुणी थांबलेलं नव्हतं. घाई नव्हती, भीती वाटावी असंही काही उरलं नव्हतं.

"होतं कधीकधी," मी म्हटलं, आणि तिच्या बहिणीचे केस सोडवायला घेतले.