जिभेवरचा रंग

सूत रंगवण्याच्या त्या घरच्या कारखान्यात सगळे तिला थोरली म्हणत. पिंपातला रंग तयार झाला की नाही, हे त्या घरात जिभेवर ठरायचं. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि मग सूत आत सोडायचं. आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले, मग वडीलही त्यानेच गेले, तेव्हा सगळ्यांनी खापर फोडलं ते या चवीवर.

थोरलीच्या तर ते डोक्यातच बसलं. तिची लेक लहानपणी एकदा पिंपात बोट घालून जिभेला लावताना सापडली. थोरलीने अशी थोबाडीत दिली की पोरगी भिंतीवर जाऊन आदळली. वर दम भरला, "पुन्हा या दारात पाय ठेवलास तर बघ!" पोरगी आईवरच गेलेली, तिने तो शब्द हट्टाने पाळला. शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली, आईशी कामापुरती बोलू लागली. थोरली म्हणायची, रुसेना का बापडी, जगेल तरी.

आणि यंदा थोरलीच्या धाकट्या भावाला तोच आजार निघाला. हा भाऊ म्हणजे रंगाचा वास आला तरी नाक दाबून पळणारा. गाडी चालवायचा, जन्मात कधी पिंपाला बोट लावलं नव्हतं त्याने! डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचं रक्त तपासलं, मग थोरलीचं.

"हा कॅन्सर होणाऱ्या बहुतेकांच्या जनुकांत बिघाड होतो तो जगता जगता," त्या म्हणाल्या. "तंबाखू, फार खारट खाणं, पोटातले जंतू, वय. तो पोटातल्या पेशींपुरता असतो, मुलांकडे जात नाही. तुमच्या घरातला बिघाड जन्मापासूनचा आहे. तुमच्यातही आहे. म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका खूप मोठा. मुलीत तो आला असण्याची शक्यता निम्मी."

"आणि ती रंगाची चव?"

"ती सवय वाईटच, सोडून द्या. पण हा बिघाड तिच्यामुळे आलेला नाही."

कारखान्यातून पोरीला तिने हाकलून दिलं होतं, पण आईपासून कसं लांब ठेवणार?

निरोप मिळताच लेक आली. सवयीने दाराबाहेरच थांबली. थोरलीने पिंपाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

"म्हणजे ती थोबाडीत फुकटच खाल्ली म्हणायची मी."

थोरलीला हसू येईना की रडू येईना. "मला वाटलं होतं, तू वाचलीस," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

लेक उंबरा ओलांडून आत आली. "रक्त तपासायला चल माझ्याबरोबर. भीती वाटतेय गं मला."

थोरली घाईघाईने फडक्याला हात पुसू लागली. रंग काही निघेना.

"राहू दे तसेच," लेक म्हणाली आणि तिने आईचा हात धरला.