माळ्यावरची बायको

दुसऱ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी एक गाढवपणा केला. नवी बायको घरात कंटाळते म्हणून गोखिवऱ्याच्या नाक्यावरच्या कॅसेटवाल्याकडून इंग्रजी पिक्चर भाड्याने आणला. "बायकोबरोबर बघण्यासारखा आहे ना?" असं दबक्या आवाजात विचारूनही घेतलं होतं. "एकदम फॅमिली," तो म्हणाला. "मोठा बंगला आहे, लग्न आहे."

तो खोटं बोलला नव्हता. बंगला होता. लग्नही होतं, पण ते ऐन वेळी मोडतं. कारण बंगल्याच्या मालकाची पहिली बायको जिवंत असते, वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली. शेवटी तीच बंगला पेटवते. बाहेर अंधारून आलेलं, आणि आमच्या वन रूम किचनमध्ये हे बघायला बसलेला एक बिजवर नि त्याची नवी बायको. मी दोनदा पंखा वाढवला. चहा टाकू का, म्हणून विचारलं. जन्मात कधी टाकला नव्हता.

"गप बसा हो, बघू द्या," ती म्हणाली.

माझी पहिली काविळीने गेली होती. दुसरं लग्न ठरल्यावर तिची ट्रंक मी स्टुलावर चढून स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ढकलली होती, अगदी मागे, पाण्याच्या पिंपाआड. नवीला वाईट वाटू नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

त्या पिक्चरची गोष्ट मग आमच्या मागेच लागली. फार जुनी इंग्रजी कादंबरी आहे, असं ऑफिसातल्या एका वाचणाऱ्याने सांगितलं. श्रावणात केबलवाल्याने तिचाच हिंदी अवतार लावला. त्यात धुकं, मेणबत्त्या आणि तळ्याकाठची गाणी. पुढे एका मालिकेत तीच पहिली बायको काजळ फासून आली. ती दिसली की तीनदा वीज कडाडायची. बायको तांदूळ निवडता निवडता सगळं बघायची.

"सगळे तिलाच घर पेटवायला लावतात," एकदा म्हणाली. "तिला काय झालं होतं, ते कुणी विचारत नाही."

"अगं, पिक्चर आहे."

"हो ना," ती म्हणाली, आणि आमच्या माळ्याकडे बघत राहिली.

पितृपक्ष आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने अविधवा नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. पहिलीची नवमी आई गावी करायची. त्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी संप केला आणि निरोप आला, तुमच्याकडेच करा.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ट्रंक खाली उतरलेली. कॉटवर पहिलीच्या साड्या पसरलेल्या, घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास. मी पायातले बूट न काढता तसाच उभा.

"हिची घडी मोडलेली नाही," बायको म्हणाली. "सवाष्णीला देऊ?"

"दे."

"आणि स्वयंपाक? गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. काय आवडायचं तिला?"

"पुरणपोळी," मी ठोकून दिलं.

"ती सगळ्यांनाच आवडते. तिला काय आवडायचं?"

मी आठवू लागलो. दवाखान्यातले तिचे पिवळे डोळे आठवले. तिने माझ्यासाठी काय काय केलं, ते तर घडाघडा सांगता आलं असतं. पण तिने स्वतःच्या ताटात काय वाढून घेतलं? माझं झाल्यावर ती आत जेवायची. मी तोवर पेपर वाचत असायचो.

"आईला विचारतो," मी म्हणालो.

"संसार तुमचा होता की आईंचा?"

मी बूट काढायला वाकलो. नवमीला तिने खीर केली, वडे केले. तळमजल्यावरच्या काकू जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. माझंही जेवण झालं. मग ती आत एकटी जेवायला बसली. मी उगाच दारात जाऊन उभा राहिलो.

तिने ताटातून मान वर केली नाही.

"मला गवार आवडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही दर खेपेला आणता म्हणून करते. अळूचं फदफदं आवडतं, चिंच थोडी जास्त घातलेलं. उद्या तुम्हाला कुणी विचारलं तर सांगता यायला हवं."