आवाजावर टाकलेला गोळा

सासऱ्यांबरोबर जोडीनं मैदानात उतरणारी सून आमच्या शहापूर तालुक्यात मी एकटीच असेन. खेळ कुठला, तर पेटांक. हे नाव सापगावात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खतबित असेल कसलंतरी. आमच्या शेजारचे काका पाँडिचेरीला कारखान्यात नोकरीला होते. तिथं समुद्राकाठी म्हातारे लोक लोखंडी गोळे टाकत बसतात ते बघून बघून यांनाही नाद लागला. रिटायर होऊन आले तेव्हा बायकोसाठी साडी आणायची सोडून पठ्ठ्यानं बारा गोळ्यांची पेटी आणली. काकूंनी आठ दिवस अबोला धरला होता.

खेळ तसा सोपा. जमिनीवर एक गोल आखायचा, त्यात दोन्ही पाय टेकून उभं राहायचं. आधी एक सुपारीपेक्षा थोडी मोठी लाकडी गोळी आठ-दहा पावलांवर टाकायची. तिला आम्ही पिल्लू म्हणतो. मग लोखंडी गोळे टाकून जो पिल्लाच्या जास्त जवळ जाईल त्याचा गुण. तेरा गुण झाले की जिंकलं. पळायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत. त्यामुळे आमच्या मंडळात साठीच्या आतली मी एकटी.

जागा आमच्या खळ्याची. भात आता मशीनवर झोडतात, खळं नुसतंच पडून होतं. सासूबाई गेल्यावर आबा, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षं ओटीवरून खाली उतरत नव्हते. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. काका एक दिवस गोळे घेऊन आले आणि म्हणाले, ‘तुजं खळं दे रे, मला जागा नाय.’ जागा दिली म्हणून आबा बघायला आले, बघायला आले म्हणून एक गोळा हातात घेतला, आणि मग काय विचारता! सकाळी चहाच्या आधी खळ्यावर. माणूस परत माणसात आला. त्या पेटीला मी हळदकुंकू वाहायचंच बाकी ठेवलं होतं.

पण आबांचे नियम! खळं दर आठवड्याला शेणानं सारवलेलंच पाहिजे. काका सांगून दमले, ‘अरे, हा खेळ खडबडीत जमिनीवर खेळतात.’ आबा म्हणायचे, ‘माज्या खळ्यावर माती उघडी ठेवणार नाय.’ आणि पिल्लू रोज चुन्यात बुडवून पांढरंफेक करायचं. सारवायचं कोणी? मी. अंगणवाडीतली तीस पोरं सांभाळून घरी यायचं आणि शेणाची पाटी उचलायची. मी तोंडाचा पट्टा सोडायचे, पण सारवायचे. एकदा सारवून हात धुतले आणि रागारागानं एक गोळा उचलून फेकला, तो बरोबर पिल्लाला जाऊन चिकटला. आबा म्हणाले, ‘ही माजी जोडीदार.’ काकांचा गुडघा तेव्हा दुखायलाच लागला होता, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मुरबाडला असंच एक मंडळ आहे. त्यांच्याशी वर्षातून एकदा सामना होतो, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. गेल्या खेपेला ते आमच्याकडे आले. पाहुणे येणार म्हणून मी आदल्या दिवशी खळं असं सारवलं की तोंड बघून घ्यावं. त्यांना काय त्याची सवय? टाकलेला गोळा थांबेल तर शपथ! सरळ घरंगळत पेंढ्याच्या उडवीत. त्यांचे कप्तान म्हणजे एक रिटायर गुरुजी, ते मला म्हणाले, ‘बाई, हे मैदान आहे का कॅरम बोर्ड?’ आम्ही तेरा-चारनं जिंकलो. गुरुजींनी भाकरी-भाजी पोटभर खाल्ली, पण जाताना म्हणाले, ‘पुढच्या वर्षी मुरबाडला या, मग बघू.’

तर या माघात आम्ही जीपनं मुरबाडला गेलो. त्यांचं मैदान म्हणजे पिवळट मुरूम, वर बारीक कच पसरलेली. पिल्लू कोऱ्या लाकडाचं, मुरमाच्याच रंगाचं. आबांनी पहिला गोळा टाकला, तो पिल्लाच्या चार हात डावीकडे. दुसरा टाकला, तो पार पुढे. तिसरा तर काकांच्या चपलेवर. मी चिडले. ‘आबा, झोप लागत नव्हती का रात्री? कुठं बघून टाकताय?’

दुसऱ्या डावातही तेच. एक-सात झाले. तिसऱ्या डावात गोलात उभे राहून त्यांनी मला हळूच विचारलं, ‘पिल्लू कुठंशी हाय गो?’

पिल्लू त्यांच्या समोर आठ पावलांवर होतं.

एका क्षणात सगळं डोळ्यापुढे आलं. शेणानं काळपट केलेलं खळं, त्यावर चुन्याची पांढरी गोळी. हट्ट म्हणून मी ज्याला नाक मुरडत होते, तो हट्ट नव्हता. आबांना काळ्यावरचं पांढरं तेवढंच दिसत होतं. बशीबाहेर चहा ओततात म्हणून मी बोलले होते, रस्त्यात माझ्या आईला ओळख दाखवली नाही म्हणून दोन दिवस फुगून बसले होते. रोज एका घरात राहून मला कळलं नव्हतं. मेली मी अंगणवाडीत पोरांचे डोळे तपासायला नेते!

का लपवलं तेही मला माहीत होतं. आबांच्या थोरल्या भावाचा डोळा पुष्कळ वर्षांमागे कुठल्याशा शिबिरात कापला होता, तो कायमचा गेला. ‘माज्या डोळ्याला कोणाचा हात लागू देणार नाय,’ हे आबा आम्हाला शंभरदा सांगून चुकले होते. माझ्या नवऱ्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी उचलून ठाण्याला नेलं असतं. आणि दिसत नाही म्हटल्यावर यांना खेळायला कोणी घेतलं असतं? परत ओटी आणि भिंत.

मी मुकाट जाऊन पिल्लाच्या मागे उभी राहिले आणि बडबड सुरू केली. काय बोलावं सुचेना, म्हणून धसईच्या बाजारात वालाच्या शेंगा कशा होत्या ते सांगितलं, शेळी पुन्हा दोरी तोडून गेली ते सांगितलं. गप्पा नुसत्या नावाला. आबांना उमगलं. मान थोडी वाकडी करून त्यांनी ऐकलं आणि गोळा टाकला. पिल्लाच्या वीतभर अलीकडे! मी ओरडले, ‘अस्सं!’

मग काय, मी बोलत राहिले आणि आबा टाकत राहिले. तीन-सात, सहा-नऊ, नऊ-दहा. काकांना वाटलं मला उन्हानं भ्रम झालाय, त्यांनी पाण्याची बाटली आणून दिली. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘बाई, इथं सामना चाललाय का हळदीकुंकू?’ मी म्हटलं, ‘गुरुजी, मला सवय आहे, गप्प बसलं की माझं पोट दुखतं.’ लोक हसले.

बारा-बारा झाले. शेवटचा डाव. त्यांचे सगळे गोळे टाकून झालेले, त्यातला एक पिल्लाच्या वीतभर जवळ. माझेही संपले. आबांच्या हातात एक गोळा उरला. मी पिल्लामागे जाऊन तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. पंच म्हणून शाळेचे पीटीचे सर होते. ते म्हणाले, ‘ताई, आता शेवटचा गोळा आहे. टाकताना शांतता पाहिजे. नियम आहे.’

मैदान शांत झालं. आबा गोलात उभे. हात मागे नेला, परत खाली आणला. पुन्हा मागे नेला, पुन्हा खाली. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘सर, त्यांना दिसत नाही, मला बोलू द्या.’ पण पंचवीस माणसांसमोर त्यांचं झाकलेलं मी कसं उघडं करू? आणि नाही बोलले तर गोळा कुठंही जाणार, लोक म्हणणार म्हातारा संपला. जन्मभर माझी जीभ कधी अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटली.

आबांनी गोळा दोन्ही हातात धरला. ‘सर,’ ते म्हणाले, ‘मला पिल्लू दिसत नाय. दीड वरीस झालं. ती बोलते तिथं मी टाकतो. तिला बोलू द्या.’

काका मटकन दगडावर बसले. पीटीचे सर नियमांचा कागद चाळायला लागले, तर गुरुजींनीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ‘बोला बाई,’ ते म्हणाले, ‘मोठ्यानं बोला.’

आणि आता मला बोलता येईना! आबा वैतागले. ‘अगो, बोल ना! एरवी घर डोक्यावर घेतेस.’

‘आबा,’ मी म्हटलं, ‘इथं. मी इथं आहे.’

गोळा उंच गेला, कचेवर पडला, थोडा सरकला आणि थांबला. त्यांचा आणि आमचा, दोन्ही गोळे पिल्लापासून इतक्या सारख्या अंतरावर की नजरेनं कळेना. सुतळी आणली. पीटीचे सर उकिडवे बसले, एकदा मोजलं, दोनदा मोजलं. एक बोट. एका बोटानं आम्ही हरलो.

गुरुजींनी येऊन आबांचे पाय धरले, वयानं दोन-तीन वर्षांनीच लहान असतील. आबा अवघडून गेले. मी रडत होते आणि माझ्यावरच चिडत होते.

परत येताना जीपमध्ये आबा तो शेवटचा गोळा मांडीवर घेऊन पुसत बसले होते. म्हटलं, हरल्याचं लागलं असेल. मग त्यांनी विचारलं, ‘एकच बोट का गो? खरंच?’

‘खरंच. मी वाकून बघितलं.’

‘सगळे वाकून बघत व्हते,’ आबा म्हणाले. ‘मी तेवढा उभा. माजाच गोळा, आन् मला दुसऱ्यानी सांगायचं.’ मग म्हणाले, ‘पोराला सांग, दवाखान्यात नंबर लाव म्हणून.’

मी सांगायची गरज नव्हती. आम्ही घरी पोचायच्या आत मुरबाडहून तीन फोन येऊन गेले होते. नवऱ्यानं दोन दिवसांची रजा टाकली. ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, मोतीबिंदू आहे, इतके दिवस कशाला थांबलात? आबांनी माझा हात घट्ट धरला होता. आत नेताना नर्सनं सोडवला तेव्हा त्यांच्या नखांचे वण माझ्या मनगटावर उठले होते. थोरला भाऊ त्यांच्या डोळ्यापुढे असणार. मला देव आठवले नाहीत, सासूबाई आठवल्या. म्हटलं, बाई, सांभाळ गो तुझ्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, आबांनी बरोबर मोजली. नवरा बिल भरायला खाली गेला. आबा खाटेवर बसून इकडेतिकडे बघत होते, खिडकी, पंखा, बाटली. मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

‘काय आबा? दुखतंय का?’

‘तुजे केस,’ ते म्हणाले. ‘सगळे पिकले गो.’

‘पिकणारच. पन्नाशी उलटली माझी.’

‘मला वाटायचं, तू अजून तेवढीच हायस.’ त्यांनी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. ‘एवढ्यात कोणी इचारलं का गो तुला, दमलीस का म्हणून?’

मी तोंड फिरवून डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.