तोंडात खडीसाखर

विद्याताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजवर एका व्यापाऱ्याला माझ्या लग्नातली हकीकत सांगत होतो. त्याला टेम्पो भरायची घाई होती, मला हकीकत संपवायची. फोन ठेवून मी गप्प झालो तसा तो म्हणाला, "शेठ, बरं नाय का?" मी गप्प बसलो की लोकांना माझ्या तब्येतीची काळजी वाटते.

विद्याताई माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली मावसबहीण. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत बसून त्या आईबापांना मुलांच्या वागण्याबद्दल सल्ला द्यायच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आमच्याकडे हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. "पोराचं दुखणं, आन् ही बाई तपासती आईबापाला," असं माझी आई म्हणायची. पण आमची रेवा बालवाडीत तोंड उघडेना. घरात अखंड बडबड, शाळेच्या फाटकातून आत गेली की चिडीचूप. उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही तर पहिलीत घेणं अवघड आहे, असा शाळेतून निरोप आला. आई म्हणाली, वणीला जाऊन देवीला सांगा. आम्ही वणीला जाऊन आलो, मग ताईंकडे गेलो. कुणालाच राग नको.

"रेवा, सकाळी काय खाल्लंस गं?" ताईंनी विचारलं.

"पोहे," मी म्हणालो.

"आवडतात तुला?"

"शेंगदाणे काढून टाकते," सुनंदा म्हणाली.

ताईंनी एक डबी आमच्यापुढे सरकवली. "दिलीपराव, खडीसाखर घ्या. सुनंदा, तूही घे. चावायची नाही, आणि तोंडात आहे तोवर बोलायचं नाही."

"विरघळली की?"

"दुसरी घ्यायची."

रेवा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वतीने उत्तर देणारा माणूस आज गाल फुगवून बसला होता. मी भुवयांनी खुणावू लागलो, तर ताई म्हणाल्या, "भुवयासुद्धा नाहीत." त्या दिवशी रेवा एक शब्द बोलली नाही. पोरीचं तोंड उघडायला गेलो आणि स्वतःचं बंद करून आलो, असं मी परत येताना म्हणालो. सुनंदा म्हणाली, "तेवढा तरी फायदा."

मग ही शिस्त घरीही आली. कुणी पाहुणा रेवाला नाव विचारू लागला की आम्ही डबीकडे हात न्यायचा. आई आधी तणतणली, "माझ्याच घरात मी मुकी बसू व्हय?" पण पुढे तिने सर्वांत मोठा खडा निवडायला सुरुवात केली. पाहुणे अवघडून बसायचे, रेवा पायाच्या अंगठ्याकडे बघायची आणि उन्हाळा जवळ येत होता. मला वाटायचं, साखरेने पोर बोलत असती तर निफाडच्या कारखान्याशेजारी एकही मुकं पोर नसतं...

मार्चच्या सुमारास पुन्हा ताईंकडे बसलो होतो. तोंडात खडीसाखर. मग ताई रेवाला म्हणाल्या, "बाबांची संपली का गं?" रेवा उठली, माझ्या गालावर बोट दाबून पाहिलं आणि ताईंना म्हणाली, "नाही. अजून आहे."

मला ठसका लागला. ताई म्हणाल्या, "कौतुक करायचं नाही. रोजच्यासारखं घ्यायचं." मी संध्याकाळपर्यंत निम्म्या पिंपळगावला सांगून टाकलं. शाळेतल्या बाईंना रेवाने हळू आवाजात का होईना, स्वतःचं नाव सांगितलं. पहिलीत घेतलं.

ताईंचा दहावा झाल्यावर आम्ही इंदिरानगरला गेलो. रेवा आता कॉलेजात आहे, तीही आली. पुढच्या खोलीत ताईंचे यजमान, नाना, एकटेच बसले होते. वाटेत मी ताईंच्या चार आठवणी जुळवून ठेवल्या होत्या.

"नानाकाका, जेवलात का?" रेवाने विचारलं.

नाना भिंतीकडे बघत राहिले. हे फार वेळ चाललं. मी सावरून घ्यायला तोंड उघडलं, तर रेवाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्याकडे न बघता.

"भेंडी केली होती," नाना शेवटी म्हणाले. "फार चिकट झाली... ती आधी पुसून घ्यायची बहुतेक. मी कधी विचारलंच नाही."

रेवा तशीच बसून राहिली. मग नाना पुढे बोलू लागले.