मोक्ष टाळणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई सोमवारी गेल्या. सोमवारी ग्रंथालय बंद असते. मंगळवारी मी कुलूप उघडले, दिवे लावले आणि त्यांची खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली.

रजेचा अर्ज न देता गैरहजर राहणे त्यांना कधी जमले नाही, तेव्हा सुटीचा वार त्यांनीच बघून ठेवला असणार, असे एक जुने वाचक म्हणाले. मलाही तसेच वाटले.

कसबा पेठेतल्या आमच्या ग्रंथालयात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षे बसलो. रुजू झालो त्या दिवशी एका पुस्तकात कसर दिसली. ती मी बोटाने चिरडणार, तोच ताईंनी माझे मनगट धरले.

"अहो कांबळे, थांबा. वाचक आहेत ते."

"ही कसर?"

"पानांचे कोपरे दुमडणारे पुढच्या जन्मी कसर होतात. दुमडली तेवढी पानं खाल्ली की सुटका."

"मग पुस्तकाचं काय?"

"म्हणून फुंकर मारा. बाहेर जाऊन वर्तमानपत्र खाऊ दे."

अशी त्यांची एक पूर्ण दंडसंहिता होती. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणाऱ्याला स्वारगेटच्या चौकात वाहतूक पोलिसाचा जन्म: हातवारे करायचे, कोणी बघायचे नाही. पुस्तकात चहाचा कप ठेवणाऱ्याला डास. बैठकीच्या खोलीत अध्यक्षांच्या खुर्चीवर झोपणाऱ्या मांजरीला त्या सरळ 'अध्यक्ष' म्हणत. त्यांच्या मते ते आमचे एक दिवंगत अध्यक्षच होते. सभेतही असेच झोपत. "अध्यक्षांना दूध दिलं का?" हा प्रश्न रोज दुपारी चारला येई आणि नवीन वाचक दचकून उभे राहत.

स्वतःच्या बाबतीत त्यांना कसलीच घाई नव्हती. त्या काळात आमच्या गल्लीत मात्र घाईचा सुकाळ होता. ज्याला त्याला संगणक शिकायचा होता, अमेरिकेला जायचे होते, शहराबाहेर फ्लॅट घ्यायचा होता. ताई बस थांब्यावर तीन भरलेल्या बसगाड्या शांतपणे जाऊ देत. लग्नाविषयी कोणी विचारलेच तर म्हणत, "मागच्या सहा-सात जन्मांत झालंय की. किती वेळा तेच तेच." पोहायला शिकायचे त्यांच्या मनात होते. "पुढच्या जन्मी बघू. मासा झाले तर शिकायलाही नको."

एकदा मात्र मला हसता आले नाही. एक लंगडा भिकारी दारातून गेला आणि ताई सवयीने म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी." मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "ताई, माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. त्याआधी कित्येक पिढ्यांना हेच सांगितलं होतं. मागच्या जन्मीचं पाप, म्हणून गावाबाहेर राहा. आमच्या घरात तो विषय बंद आहे."

दिवसभर ताईंनी एकही कार्ड लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आणि पिशवी ठेवण्याआधी म्हणाल्या, "कांबळे, मागचा जन्म मी रद्द केलाय. आजपासून फक्त पुढचा."

"असं करता येतं?"

"माझ्यापुरतं येतं."

"मग अध्यक्षांचं काय?"

त्यांनी खुर्चीवरच्या मांजरीकडे बघितले. "तिला आता मनी म्हणायचं. नाइलाज आहे." पुढची दोन वर्षे मनीने 'मनी' या हाकेला दाद दिली नाही, पण ताईंच्या तोंडून पुन्हा 'मागच्या जन्मीचं' हा शब्द मी ऐकला नाही. लग्नाविषयी विचारणाऱ्यांना त्या नुसते "नाही केलं" म्हणू लागल्या.

त्यांचे खरे गुपित मला बऱ्याच उशिरा कळले. जेवणाच्या सुटीत त्या मागच्या कपाटातले एखादे जुने पुस्तक वाचत. रंगात आले की मध्येच थांबत, चिठ्ठी घालत आणि पुस्तक परत कपाटात ठेवत. चिठ्ठीवर लिहिलेले असे: 'इथपर्यंत झाले. पुढे इथून.' अशी चौऱ्याण्णव पुस्तके होती. मी कारण विचारले.

"इच्छा अपुरी राहिली तरच माणूस परत येतो. सगळं वाचून टाकलं आणि मोक्ष मिळाला तर?"

"लोक त्यासाठी तप करतात, ताई."

"करू देत. मोक्षात ग्रंथालय आहे, असं मी कुठे वाचलेलं नाही. आणि माझं सगळं वाचन चालू आहे."

आमच्याकडे संगणक आला तेव्हा या चौऱ्याण्णव पुस्तकांवर संक्रांत आली. कार्यवाहांनी ठरवले की दहा वर्षांत एकदाही कोणी घरी न नेलेली पुस्तके महिनाअखेरीस बाद करायची आणि त्या जागेत संगणकाची खोली करायची. ताई आपली पुस्तके इथेच बसून वाचत; त्यामुळे त्यांची नोंद कुठेच नव्हती. बाद यादीत सगळी चौऱ्याण्णव होती. ताई यादी हातात घेऊन कार्यवाहांकडे गेल्या.

"पुस्तकं गेली तर मी परत कशासाठी येऊ?"

"कुमुदताई, आपण उद्या साडेनऊला या म्हणजे झालं," कार्यवाह म्हणाले. "त्यापुढचा विचार कार्यकारिणीने केलेला नाही."

त्या जागेवर येऊन बसल्या. चहा निवून गेला. त्यांना घाबरलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

संगणकावर नोंदी करून देण्याचे काम नसरीन शेखकडे होते. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करी, पलीकडच्या गल्लीत राहत असे आणि शाळेत असल्यापासून आमची वाचक होती. पहिल्याच दिवशी तिने ताईंना सांगितले होते, "ताई, आमच्यात जन्म एकच असतो." त्यावर ताई तिच्यासाठी पंखा वळवत म्हणाल्या होत्या, "एकच? मग तुमचं काम आधी. आम्हाला वेळ आहे." तेव्हापासून चहासुद्धा तिला पहिला मिळे.

नसरीनने यादी बघितली आणि म्हणाली, "सोपं आहे. ताईंच्या नावावर पुस्तकं काढू आणि परत घेऊ. नोंद झाली की यादीतून नाव जातं."

पण ताई सभासदच नव्हत्या. इतक्या वर्षांत ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. नसरीनने त्यांच्या सभासदत्वाची नवी नोंद उघडली.

"मुदत कधीपर्यंत टाकू? तारीख टाकल्याशिवाय हा पुढे जात नाही."

"पुढच्या जन्मापर्यंत."

"जास्तीत जास्त नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव साल घेतो."

"त्यात किती जन्म बसतात?"

नसरीनने हिशेब केला. "शंभरेक."

"पुरेत," ताई म्हणाल्या.

सभासदाला एका वेळी दोनच पुस्तके मिळत. मी दोन आणायची, नसरीनने नोंदवायची, लगेच परत घ्यायची, असे ठरले. पण ताई अडून बसल्या. न वाचताच पुस्तक नेल्याची नोंद करणे त्यांच्या मते खोटेपणा होता.

"त्याला कुठला जन्म मिळतो?" नसरीनने विचारले.

"माहीत नाही. म्हणून तर भीती वाटते."

शेवटी प्रत्येक पुस्तकाचे एक पान वाचायचे ठरले. ताई एक पान वाचत, चिठ्ठी एक पान पुढे सरकवत आणि पुस्तक परत करत. चार दिवस हे चालले. एखादे पान फार रंगले की त्या पुढे वाचू नये म्हणून मी पुस्तक ओढून घेई. पुस्तक ओढून घेणारा ग्रंथपाल वाचकांनी तोपर्यंत पाहिला नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चौऱ्याण्णवावे पुस्तक हातात आले. ती एका खलाशाची गोष्ट होती. अकरा वर्षांनी तो घरी येतो, दार वाजवतो आणि पान संपते; ताईंची चिठ्ठी तिथेच होती. पुढे एकच पान उरले होते. ते वाचावे तर पुस्तक संपणार, न वाचावे तर नोंद खोटी. ताई चष्मा पुसत राहिल्या. पुन्हा पुसला.

"द्या इकडे," नसरीन म्हणाली. "माझ्या नावावर काढते. मला एकच आयुष्य आहे, मला शेवट कळलेला बरा."

ताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले, जणू ती मोठ्याने वाचणार होती. नसरीनने उभ्या उभ्या पान वाचले आणि पुस्तक मिटले.

"सांगू?"

"खबरदार," ताई म्हणाल्या आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

निवृत्त झाल्यावरही त्या रोज साडेनऊला येत. नंतर येणे थांबले. एका शनिवारी इस्पितळात मी तेच खलाशाचे पुस्तक घेऊन गेलो. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी विचारले, "शेवटचं पान वाचून दाखवू?"

त्यांनी बराच विचार केला. "नको. मोक्ष मिळाला तर पंचाईत."

"तिथे ग्रंथालय असेलही, ताई."

"असलं तरी पुस्तकांची यादी कोणी केली असणार? सगळं मलाच करावं लागेल." मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही परत येणार नाही म्हणता ना?"

"नाही, ताई. मला तसं वाटत नाही."

"मग इथे कशाला वेळ घालवता? एवढा एकच तर जन्म आहे तुमच्याकडे. जा, वाचत बसा."

मी पुस्तक मांडीवर ठेवले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. त्या शनिवारनंतर मी त्यांना पाहिले नाही.

मागच्या कपाटात चौऱ्याण्णव पुस्तके आहेत. प्रत्येकात चिठ्ठी आहे. संगणकावर कुमुदताईंचे सभासदत्व चालू आहे. शेवटचे पान मी वाचलेले नाही.