आईला मासे खायला लावण्यासाठी नील बेटावर

अंदमानला जायचं बाबांनी ठरवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा बाबा नव्हते. ज्यांना फक्त प्रवास, बोट आणि खाणं एवढीच माहिती हवी आहे त्यांनी मधले परिच्छेद वाचावेत. बाकीचं मला लिहावंसं वाटलं म्हणून लिहिते आहे.

बाबा मूळचे खारबावचे, खाडीकाठचे. खाडीच्या माशांवरच वाढले. पुढे पाणी काळं पडत गेलं, जाळ्यात येईल त्याला रॉकेलचा वास यायला लागला, आणि आम्ही भिवंडीत टेमघरला फ्लॅटमध्ये राहायला येईपर्यंत त्यांनी मासे खाणंच सोडलं. बर्फातला मासा त्यांच्या लेखी मासाच नव्हता. आई आणि मी खायचो, ते शेजारी बसून भाजी-भाकरी खात मोबाइलवर अंदमानचे व्हिडिओ बघायचे. पाण्यातून थेट तव्यावर, असा मासा तिथे मिळतो म्हणे. रिटायर झालो की दोघं जाऊ, तिथेच खाईन, असं आईला सांगायचे. कापडाचे तागे वाहणाऱ्या टेंपोवाल्याला कसली आलीय रिटायरमेंट, असं मी चिडवायचे. गेल्या वर्षी धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये टेंपोतच, स्टिअरिंगवर डोकं टेकून ते गेले. मागच्या गाड्या बराच वेळ हॉर्न वाजवत होत्या.

आमच्याकडे तेराव्यानंतर बाईच्या माहेरची माणसं माशांचं जेवण घेऊन येतात आणि आपल्या हाताने घरच्यांना पहिला घास भरवतात. मग घर पुन्हा तिखटावर, म्हणजे मासे-मटणावर येतं. घरच्याने घरच्याला भरवून चालत नाही, त्याला बाहेरचाच हात लागतो. मामा डबे घेऊन आला. त्याने मला भरवलं, मी गिळलं आणि दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या ऑफिसात ड्युटीवर हजर झाले. आईने मात्र तोंड फिरवलं.

"तुज्या बापानं मासली खाल्ली न्हाय, मी कशी खाऊ?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर वर्षभर वरण-भात. गळ्याची हाडं दिसायला लागली. मामा थकला, डॉक्टर रागावले. शेवटी मी म्हटलं, बाबा जिथे खाणार होते तिथेच हिला नेऊ. तिथे तरी खाईल.

आता कामाचं. पोर्ट ब्लेअरचं नाव बदललंय, पण तिथले लोकही जुनंच नाव घेतात. आमचं विमान चेन्नईला बदलायचं होतं. भिवंडीहून निघणार असाल तर मानकोलीच्या कंटेनरच्या रांगेसाठी वेळ हाताशी ठेवा, आमचं विमान चुकता चुकता राहिलं. नीलला जायला खासगी बोटी आहेत आणि सरकारीही. सरकारी बरीच स्वस्त, पण तिकिटं लवकर संपतात. दिवस तिकडे लवकर मावळतो, दुपारनंतरचे बेत आखू नका. घरचा मसाला न्यायचा असेल तर मोठ्या बॅगेत टाका. आईने नेला होता. खाणार नव्हती, तरी नेला होता.

बोटीत सगळे खिडक्यांना चिकटून फोटो काढत होते. निळं पाणी बघून मलाही भरून आलं. आई खिडकीकडे पाठ करून बसली होती. बाहेर बघ म्हटलं तर मळमळतंय म्हणाली.

पहिले दोन दिवस वाईट गेले. आभाळ भरलेलं, किनाऱ्यावर ओहोटीने उघडे पडलेले काळपट दगड, आणि आमची जेवणाची तीच भांडणं. हॉटेलांबाहेर बर्फावर मासे मांडलेले असतात, आपण निवडायचा आणि वजनावर पैसे द्यायचे. मी सुरमई निवडायचे, आई डाळ-भात मागवायची. मी एकटी खायचे आणि तिच्यावर मनातल्या मनात चिडायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नीलच्या छोट्या बाजारात होडीतून नुकतीच उतरलेली टोपली आली. आई आपण होऊन थांबली. तिने एका तांबोशीचे कल्ले उघडून बघितले, अंगठ्याने पोट दाबलं, दुसरी उचलली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काही हललं. बाजाराला लागून शेफाली नावाच्या बंगाली बाईची चार बाकड्यांची खानावळ आहे. तिला मी हिंदीत विचारलं की चूल मिळेल का. तिने लगेच जागा करून दिली.

आईने चिंच, लसूण आणि घरचा मसाला घालून आंबट, म्हणजे आमचं माशांचं कालवण केलं. चार तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. मला वाढलं, शेफालीला वाढलं, तिच्या नवऱ्याला वाढलं. आणि स्वतः कोरा भात घेऊन बसली.

माझा तोल गेला. कशासाठी आलो एवढ्या लांब, असं मी शेफालीसमोरच ओरडले. तुकडी उचलून आईच्या तोंडाशी नेली. आईने मान मागे घेतली.

"तू घरची हायस. तुज्या हातानं कसं चालंल?"

हे मला माहीत होतं आणि तरी मी विसरले होते. वर्षभर मीच तिच्या ताटात मासे वाढत होते, आणि मामाही थकून यायचा बंद झाला होता.

काय झालं म्हणून शेफालीने विचारलं. मी तुटक तुटक सांगितलं. ती उठली, हात धुऊन आली, तुकडीतले काटे काढले, भाताबरोबर घास कालवला आणि आईसमोर धरला.

"खा लो दीदी।"

आईने तोंड उघडलं. हळूहळू चावलं. मग स्वतःच्या हाताने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. रडली नाही. मासा ताजा आहे, म्हणाली.

मला वाटलं होतं, हा क्षण आला की डोक्यावरचं ओझं उतरेल. मी ताट तसंच ठेवून बाहेर गेले आणि होड्यांपाशी उभी राहिले. बाबा इथे नाहीत हे मला तिथे कळलं. आधी कधी कळलंच नव्हतं.

परतून बरेच दिवस झाले. आई सावरली आहे. बुधवार-रविवार स्वतः मासे आणते, शेजारणींना अंदमानच्या गोष्टी सांगते, खिडकीकडे पाठ करून बसली होती ते गाळून. मामा जेवायला येऊ लागला आहे. जाण्यासारखं बेट आहे का, असं विचाराल तर आहे. पण कुणाचं राहून गेलेलं पुरं करायला जात असाल, तर एवढंच सांगते, ते पुरं झाल्यावर काय उरतं याची मला कल्पना नव्हती.

मागच्या रविवारी आईने तळलेली सुरमई वाढली. मी ती ताटात नुसती इकडून तिकडे सरकवत होते. ॲसिडिटी झालीय, म्हणाले. दोन महिने हेच सांगते आहे.

आईने माझ्याकडे नीट बघितलं.

"माजं संपलं, बाय. तुजं आता चालू झालं. होऊ दे."

तिने माझ्या ताटातली तुकडी उचलून आपल्या ताटात घेतली आणि मला वरण वाढलं.